धूरबंदीचे सहा महिने

९ नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळ

बुलढाण्याहून मोताळ्याला परत. मयुरीची सोनोग्राफी झाली. सातवा महिना. बाळ ठीक, पण आठवड्यांच्या मानानं वजन कमी.

डॉ. अनुपमा मॅडमनी बरेच प्रश्न विचारले. घरात दमा कोणाला होता? मी हात वर केला. शाळेतली सवय. मला बाळदमा होता, सातवीपर्यंत. आई मला पाठीवर घेऊन दवाखान्यात पळायची. आल्यागेल्याला अजून सांगते.

मॅडम काय म्हणाल्या ते टिपून ठेवतो. मुलाच्या दम्याची तयारी कधी कधी पोटातच सुरू होते. बापाला असेल तर रिस्क थोडी जास्त. आईच्या आसपास धूर असेल तर बाळाच्या श्वासनळ्या नीट वाढत नाहीत, अरुंद राहू शकतात. बाळ कमी वजनाचं किंवा वेळेआधी झालं तर त्यात भर. जन्मल्यावरही धूर नकोच. शंभर टक्के असं काहीच नाही, पण आपल्याला टाळता येईल तेवढं टाळायचं.

कसला धूर, मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, सगळा. मयुरी तेव्हा माझ्या शर्टाच्या खिशाकडे पाहत होती.

निर्धार: आजपासून घर धूरमुक्त. मी विज्ञानाचा शिक्षक. मी नाही करणार तर कोण करणार.

सिगारेट बंद. बुलढाणा स्टँडवर ओढली ती शेवटची. पाकिटात चार उरल्यात. फेकून देणं जिवावर येतं. बघू.

१० नोव्हेंबर, रविवार. सकाळी ९

घराचा सर्व्हे केला. धुराची ठिकाणं पाच. आईची परसातली चूल. बुद्धमूर्तीपुढची अगरबत्ती. डासांची कॉइल. शेजारचे भगवानराव कुंपणाजवळ पालापाचोळा पेटवतात, तो. नगरपंचायतीच्या कचऱ्याचा ढीग, तो.

चार्ट करून स्वयंपाकघराच्या दाराला लावला. लाल पेन, निळं पेन.

मयुरीनं वाचला. म्हणाली, सहावं राहिलं. मी म्हटलं, जे कालच बंद झालं ते यादीत कशाला. ती पोटावर हात ठेवून आत गेली.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

चूल बंद केली. आईला समजावलं. श्वासनळीचं चित्रही काढून दाखवलं. तिनं चित्र पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"माह्या चुलीचा धूर दिसते तुले. तुह्या तोंडातला कोणाले दिसते?"

जुन्या पिढीशी वाद घालू नये. गीझरचं बघतो म्हणालो. तोपर्यंत आई नळाच्या गार पाण्यानं अंघोळ करते.

अगरबत्तीही बंद. आईनं मेणबत्ती लावली. तिचाही थोडा धूर होतो, पण या मुद्द्यावर आज ताणलं नाही.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

आईला खोकला. चुलीच्या जुन्या धुराचा परिणाम असणार. चूल बंद केली ते योग्यच झालं.

भगवानरावांशी कुंपणावरून बोललो. पोटातलं बाळ, अरुंद नळ्या, सगळं सांगितलं. त्यांनी हातातली काडी खाली ठेवली आणि शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बरोबर हाय सर. नाही पेटवत. पण काल जिनिंगच्या मांगं तुम्ही अन् संघर्ष सर काय पेटवून राह्यले होते?"

शाळेचं काम होतं, असं सांगितलं.

संघर्ष आमच्या शाळेत पी.टी. शिकवतो. त्याच्याबरोबर गेलो होतो हे खरं. पण कापसाचं जिनिंग घरापासून एक किलोमीटर. धूर हवेत विरतो. हे मी दरवर्षी आठवीला शिकवतो. घराबाहेरचा धूर घराच्या धुरात धरायचा नाही, असा नियम आज केला.

चारपैकी एकही उरली नाही. म्हणजे कचराही झाला नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

पद्धत आता पक्की बसली आहे. सिगारेटसाठी वेगळा शर्ट, तो शाळेच्या कपाटात. नंतर चूळ, बडीशेप, हात लिंबाच्या भांडी-साबणानं. घरी पोचेपर्यंत वीस मिनिटं मोकळी हवा. तयारी केली की सगळं जमतं.

रात्रीच्या जेवणाला मयुरी म्हणाली, आधी तुम्हाला सिगारेटचा वास यायचा, आता सिगारेट आणि लिंबू दोन्हीचा येतो.

गरोदरपणात नाक तीक्ष्ण होतं. वाचलं आहे.

१ डिसेंबर, रविवार. दुपारी १

मयुरी माहेरी गेली. बीबी गावाला. पहिलं बाळंतपण माहेरीच. पण ठरलं होतं पंधरा तारखेला, ती दोन आठवडे आधीच निघाली.

मी स्टँडवर शांतपणे मुद्दे मांडले. हे घर आता धूरमुक्त आहे. तिकडे माझं नियंत्रण नाही. तुझ्या आईकडे तर चुलीवरच भाकरी होते.

ती बसच्या पायरीवर होती. मागे वळली. "तिथं चूल आहे हो. पण चूल खोटं बोलत नाही."

कंडक्टरनं ऐकलं. एक बाईही मागे वळून बघत होती.

घरी आलो. चार्ट जागेवर. कॉइल बंद, नगरपंचायतीला अर्ज दिला, म्हणून पाचही ठिकाणी निळी खूण. आता घरात आई आणि मी. मॅडमनी सांगितलेलं सगळं केलं, तरी घर रिकामं कसं झालं हे कळत नाही. हिवाळ्यामुळे वाटत असेल.

६ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी विहारात गेलो. पंचशील म्हटलं. पाचव्या शीलाला थांबलो. मद्य आणि मादक पदार्थ. सिगारेटचं नाव घेऊन सांगितलेलं नाही. पण बाबासाहेबांच्या फोटोसमोर असली वकिली करायची लाज वाटली. म्हणून आज खरा, अंतिम निर्धार. आजपासून बंद. ९ नोव्हेंबरचा निर्धार तयारीचा होता.

संध्याकाळ. संघर्ष भेटला. निर्धार सांगितला. तो म्हणाला, "बे, बाप होऊन राह्यला तू. चांगलं हाय. मंग माचिस काऊन मांगून राह्यला?"

सवयीनं हात पुढे गेला होता.

२ जानेवारी, गुरुवार

सकाळी दहाला तिसऱ्या तासाला फोन आला. मेहकरच्या दवाखान्यात. पाच आठवडे आधी. मुलगी. वजन एक किलो नऊशे.

तसाच निघालो. बुलढाण्याला बस बदलली, चिखलीला बदलली. वाटेत तीन सिगारेटी झाल्या. अशा प्रसंगाच्या वेगळ्या धरायच्या असतात.

दुपारी ४. काचेतून पाहिली. पेटीत ठेवली आहे. छाती माझ्या मुठीपेक्षा लहान. वर, खाली. वर, खाली. मध्येच जरा थांबते, तेव्हा माझी पण थांबते. नर्सनं दोनदा सांगितलं बाजूला बसा. मी बसलो आणि पुन्हा उठलो.

वेळेआधी का झाली, डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, अमुक एका गोष्टीवर बोट ठेवता येत नाही. हे वाक्य इथं अधोरेखित करतो. पुढे ते 'पण' म्हणाले आणि बरंच काही सांगितलं. ते मी लिहून घेतलं नाही. पेन चालत नव्हतं.

मी जवळ गेलो तेव्हा मयुरीनं पलीकडे कूस वळवली. थकली असेल.

१९ जानेवारी, रविवार

छकुली बीबीला घरी आली. सव्वादोन किलो. खरं नाव ठरायचं आहे. तोवर सगळे छकुली म्हणतात.

आता नवा प्लॅन. वजन. आलेखाचा कागद आणला. आडवा अक्ष आठवडे, उभा अक्ष किलो. मार्चअखेर सहा किलो, असं टार्गेट. कमी वजनामुळे रिस्क, तर वजन वाढवलं की रिस्क संपली. सरळ गणित. पावडरच्या दुधाचा मोठा डबा घेतला.

अनुपमा मॅडमना फोन करून प्लॅन सांगितला. त्या म्हणाल्या, डबा बाजूला ठेवा, अंगावरचं दूध पिते ना, पिऊ द्या. लहान जन्मलेलं बाळ फार झपाट्यानं फुगवलं तर त्यानंही पुढे दम्याची शक्यता वाढते, असं दिसून आलंय. हळूहळू, आपल्या चालीनं वाढू द्या. शेवटी त्यांनी विचारलं, बाकी तुमचं कसं चाललंय? मी म्हटलं, उत्तम.

डबा स्टाफरूमला दिला. चहा चांगला होतो.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन आटोपून थेट बीबी. कारण गंभीर. काल फोनवर सासूबाई शालूबाई म्हणाल्या होत्या, बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी असते, बाळाला ओव्याची नि लसणाच्या टरफलांची धुरी असते, असं चालत आलंय. मी रात्रभर तळमळलो. पाच आठवडे आधी जन्मलेलं बाळ, आणि धुरी!

बसमध्ये भाषण तयार केलं. अंगणात पाऊल टाकताच सुरू केलं. श्वासनळ्या, धूर, विज्ञान. शेजारच्या दोन बायका येऊन उभ्या राहिल्या. मी जवळजवळ दहा मिनिटं बोललो. चांगलं झालं भाषण.

शालूबाईंनी पूर्ण होऊ दिलं. मग म्हणाल्या, "जावईबापू, शेगडी मयुरीनं पहिल्याच दिवशी बाहेर काढली. धुरीबी नाही दिली. मी काल चालत आलेलं सांगत होते, केलेलं नाही. आता तुम्हीबी जरा बाहेरच थांबा. हातपाय धुवा, सदरा बदला, मग आत या."

शेजारणी पदर तोंडावर धरून हसत होत्या.

सासऱ्यांचा सदरा घातला. लांब होतो. मयुरीनं छकुलीला माझ्याकडे देण्याआधी विचारलं, किती दिवस झाले? मी म्हटलं, नऊ नोव्हेंबरपासून. हे खोटं नाही. बंद करायला तेव्हापासूनच लागलो आहे.

तिनं दिली. पिसासारखी हलकी. तिचा श्वास माझ्या गळ्याला लागतो, तेव्हाच कळतो.

१६ फेब्रुवारी, रविवार

बीबी. छकुलीला सर्दी. नाक वाजतं. मला राहवलं नाही, आल्या आल्या उचलली. सदरा बदलायचा राहिला. तासभर छातीवर घेऊन बसलो. तीही शांत पडून राहिली. बापाची छाती ओळखते.

मयुरी सदऱ्याचं दोनदा म्हणाली. मी म्हटलं, झोपलीय, हलवू नको.

मुक्काम केला. उद्या रजा.

१७ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ११. मेहकर

पहाटेपासून छकुलीचा श्वास जोरात. दूध सोडलं. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते. आणि तो आवाज. बारीक शिट्टीसारखा. तो मला कोणी समजावून सांगायला नको. सहा वर्षांचा असताना तो आवाज माझ्या आत होता. मी आईच्या पाठीवर, आणि तो आवाज.

जीपमध्ये मयुरीनं बाळाला माझ्याकडे दिलं नाही. मागितलंही नाही मी.

डॉक्टर तपासता तपासता विचारत होते. वेळेआधीची का? हो. वजन किती होतं? सांगितलं. घरात दमा कोणाला? मला. मग त्यांनी विचारलं, घरात सिगारेट कोणी ओढतं का?

मी म्हटलं, नाही.

तोंडातून तसंच आलं. नर्स मास्क लावत होती. शालूबाई भिंतीकडे बघत होत्या.

मयुरी म्हणाली, "ओढतात. हेच ओढतात. लपून ओढतात, म्हणून किती ते मलाबी सांगता येत नाही. काल तासभर त्याच शर्टात बाळाला घेऊन बसले होते. तुम्ही लिहून घ्या."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. माझ्याकडे पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

ऑक्सिजन लावला आहे. मी बाहेरच्या बाकावर.

तसं पाहिलं तर माझं उत्तर बरोबर होतं. घरात मी ओढत नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

बरी आहे. शिट्टी गेली. दूध प्यायला लागली. आज सोडणार.

डॉक्टर म्हणाले, एवढ्या लहान बाळाला दमा आहे असं म्हणत नाहीत. सर्दी छातीत उतरली होती. पुढे होईल की नाही, हे वाढता वाढता कळेल. पण आधीच नळ्या नाजूक आहेत, असं वरचेवर व्हायला नको. धूर अजिबात नको, कपड्यांतलासुद्धा नको.

मी विचारलं, माझ्यामुळे झालं का? ते म्हणाले, सर्दीमुळे झालं. मग म्हणाले, तुम्ही मदत केली नाही.

मयुरीनं दवाखान्याच्या पायऱ्यांवर सांगितलं. आवाज चढवला नाही. तीन महिने एकही नाही, असं झालं की मी आणि छकुली मोताळ्याला येऊ. तोवर तुम्ही रविवारी या. पण ज्या दिवशी ओढली असेल त्या दिवशी उंबरा ओलांडायचा नाही.

"मी विचारणार नाही. वासबी घेणार नाही. तुमचं तुम्हाला माहीत. बाळ तुमचंबी आहे."

मान्य केलं. अवघड काय आहे त्यात. तीन महिने म्हणजे वीस मे. उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळे घरी. कॅलेंडरवर गोल केला.

२ मार्च, रविवार

गेलो नाही. सराव परीक्षेचे पेपर तपासायचे होते.

९ मार्च, रविवार

गेलो नाही. पेपर उरले होते.

संघर्षनं विचारलं, "तुह्या वर्गात पोरं किती हाय बे? चाळीस. अन् पेपर दोन आठवडे?"

१६ मार्च, रविवार

गेलो! उठल्यापासून एकही नाही. चिखलीला बसमधून उतरलोच नाही, खिडकीबाहेर पाहिलंही नाही. हात धुतले, सदरा बदलला, उंबरा ओलांडला. मयुरीनं खरंच काही विचारलं नाही. छकुली मांडीवर वीस मिनिटं. तिनं माझं बोट धरलं, सोडेना. मयुरीनं चहा दिला. साखर मला लागते तेवढी होती.

मला जमतं. हे सिद्ध झालं.

परतताना सुलतानपूरला दोन. आनंदाच्या.

२३ मार्च, रविवार

गेलो नाही. अट 'ज्या दिवशी' अशी आहे. आजचा दिवस सकाळी सहालाच बिघडला.

वीस मेचा गोल खोडून वीस जूनला केला. शाळा सुरू होतानाच बरं.

६ एप्रिल, रविवार

आई बीबीला चार दिवस राहून आली. नातीचं कौतुक सांगत होती. मान धरते, आवाजाकडे बघते. मला विचारलं, तू कवा जातं? मी म्हटलं, पुढच्या रविवारी.

तिनं दाराचा चार्ट काढला, घडी केली आणि परसात गेली. चूल पेटवली. त्याच कागदानं. म्हणाली, "घरात कोणी लेकरू नाही, बाई नाही. कोणासाठी थंड पाणी घेऊ मी आंगावर?"

माझी माचिस संपली होती. चुलीवरच पेटवली. आई पाणी तापेपर्यंत बाजूला बसून होती.

११ मे, रविवार. सकाळी ११:४०. बीबी

आज निर्धार करूनच निघालो. सकाळपासून एकही नाही. बुलढाणा, नाही. चिखली, नाही. मेहकर, नाही. सुलतानपूरला बस बदलावी लागली. पाऊण तास बस नाही. ऊन, समोर टपरी.

एक.

तरी आलो. मयुरीच्या घरासमोर पिठाची गिरणी आहे, रविवारी बंद असते. तिच्या पत्र्याच्या सावलीत उभा आहे. इथूनच लिहितो आहे. रस्ता अरुंद, पलीकडे अंगण. लिंबाखाली बाज टाकली आहे. मयुरी बाजेवर, छकुली तिच्या गुडघ्यांवर. अंगानं भरली आहे. श्वास इथून कळत नाही. पण मान वर करून इकडे तिकडे बघते.

घसा खवखवतो. सर्दी होणार बहुतेक. लहान बाळाजवळ सर्दी घेऊन जाणं बरोबर नाही. डॉक्टरांनीही सांगितलं होतं की सगळं सर्दीनंच झालं.

दुपारी १२

फोन लावला. पलीकडे मयुरीनं बाजेवरचा फोन उचललेला दिसला. सर्दीचं सांगितलं. म्हटलं, आज येत नाही, पुढच्या रविवारी नक्की.

तिनं विचारलं, कुठून बोलता?

म्हटलं, मोताळ्यातून. घरूनच.

तेवढ्यात छकुली खळखळून हसली. पहिल्यांदाच ऐकलं. रस्त्यापलीकडून आधी आलं, फोनमधून जरा मागून.

मयुरीनं मान वर करून रस्त्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "बरं. उन्हात उभे राहू नका."

आणि फोन ठेवला. बाळाला उचलून आत गेली.

मोताळ्यातही ऊन असतंच. म्हणून म्हणाली असेल.